सणाच्या दिवशी खाण्याची नोंद कोरी सोडावी का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही लिहिले आहे की चार महिने दररोज १,६०० कॅलरींच्या मर्यादेत राहून, प्रत्येक घास मोबाइलवरील ॲपमध्ये नोंदवून तुम्ही सहा किलो वजन कमी केले. मग गौरी-गणपतीत तीन दिवस मनसोक्त खाणे झाले, ते तुम्ही नोंदवले नाही, आणि आता तीन गोष्टी विचारत आहात: आकडा बरोबर येणारच नसेल तर असे दिवस नोंदवून काय उपयोग, ते कोरे सोडले तर बिघडते का, आणि दोन दिवस कडक उपवास करून भरपाई करावी का. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते आणि गेली तीन वर्षे खाण्याची वही ठेवते आहे. तुम्ही जी चूक करण्याच्या बेतात आहात ती मी पहिल्या वर्षी पूर्णपणे केली, म्हणून सविस्तर उत्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. साधे दिवस एक वेळ अंदाजाने लिहिले तरी चालतील, पण अतिखाण्याचा दिवस लिहिल्याशिवाय राहू नका. साधा दिवस तुम्हाला माहीतच असतो, कारण दोन पोळ्या, भाजी, वरण-भात, ताक हे रोजचेच असते आणि त्याची नोंद तुम्हाला नवे काही सांगत नाही. ज्या दिवशी ताटावरचा ताबा सुटतो त्याच दिवसाविषयी आपण सर्वांत कमी जाणतो.

कोऱ्या पानाने नेमके काय होते ते तुमच्याच आकड्यांवर मांडून पाहू. समजा वजन आहे तेवढेच राहण्यासाठी तुम्हाला दिवसाला २,००० कॅलरी लागतात. रोज १,६०० खाल्ल्या तर आठवड्याला २,८०० कॅलरींची तूट पडते आणि वजन उतरते. आता सणाच्या दिवशी ३,००० झाल्या, दुसऱ्या दिवशी २,६०० आणि तिसऱ्या दिवशी २,५००, तर ठरवलेल्या मर्यादेपेक्षा एकूण ३,३०० कॅलरी जास्त गेल्या. म्हणजे आठवड्याची सगळी तूट भरून निघाली आणि वर ५०० उरल्या. खरी सरासरी जवळजवळ २,०७० आली. परंतु हे तीन दिवस कोरे असतील तर उरलेल्या चार दिवसांवरून सरासरी १,६०० हीच दिसेल. मग आठवड्याच्या शेवटी वजन तेवढेच दिसल्यावर तुम्ही म्हणाल की १,६०० वरही माझे वजन उतरत नाही, आणि मर्यादा १,३०० वर आणाल. माझे अगदी असेच झाले. आहारतज्ज्ञांना दाखवलेल्या वहीत मी तीन पुरणपोळ्यांच्या जागी एक लिहिली होती आणि नंतरचे दोन दिवस लिहिलेच नव्हते. त्यांनी त्या वहीवर विश्वास ठेवून माझा रात्रीचा भात बंद केला. चूक त्यांची नव्हती. खोट्या कीर्दीवरून (रोजच्या नोंदींवरून) खरी तेरीज (एकूण बेरीज) निघत नाही, हे रोज हिशेब लिहिणाऱ्या मला तरी कळायला हवे होते. त्यानंतर महिनाभर मी भुकेली राहिले, चिडचिडी झाले, आणि थायरॉइड तपासून घेतले तर तेही व्यवस्थित निघाले.

ही फसवणूक जाणूनबुजून होते असेही नाही. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. दिवसाला १,२०० पेक्षा कमी कॅलरी खाऊनही आपले वजन उतरत नाही, असे सांगणारी माणसे त्यात घेतली होती. हायड्रोजन आणि ऑक्सिजनची जड समस्थानिके (म्हणजे नेहमीपेक्षा वजनदार अणू) असलेले पाणी पाजून, पुढे ती शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात हे मोजून, प्रत्यक्ष किती ऊर्जा खर्च होते हे काढण्याची पद्धत त्यांनी वापरली. या माणसांची चयापचय क्रिया अपेक्षेप्रमाणेच निघाली. खाण्याची नोंद मात्र प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होती आणि व्यायामाची नोंद ५१ टक्क्यांनी जास्त. अभ्यासातला हा गट केवळ दहा जणांचा होता, त्यामुळे तो आकडा सगळ्यांना लावू नये. पण हे वाचल्यावर मी स्वतःला खोटारडी म्हणणे थांबवले. माणूस विसरतो, आणि जे नकोसे वाटते ते आधी विसरतो.

आता ‘आकडा बरोबर येत नाही’ या अडचणीकडे वळते. ॲपमध्ये ‘पुरणपोळी, एक’ असे लिहिल्यावर जो आकडा येतो तो कोणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या पोळीचा असतो, तुमच्या घरच्या पोळीचा नसतो. घरच्या पोळीचा हिशेब घरच्या मापाने एकदाच करून ठेवावा. आमच्याकडे पाव किलो हरभऱ्याची डाळ, पाव किलो गूळ, पाव किलो कणीक आणि साधारण ५० ग्रॅम तेल यांत बारा पोळ्या होतात. डाळीच्या सुमारे ८७५ कॅलरी, गुळाच्या ९५०, कणकेच्या ८५० आणि तेलाच्या ४५० धरल्या तर एकूण ३,१२५ होतात, म्हणजे एका पोळीच्या साधारण २६० (कटाबरोबर आमटीत जाते ते येथे सोडून दिले आहे). पोळीवर मोठा चमचाभर तूप घेतले की त्यात सुमारे १२५ कॅलरींची भर पडते. मी तीन पोळ्या खाल्ल्या होत्या आणि प्रत्येकीवर तसे तूप होते, म्हणजे केवळ एवढ्याच्या ११५० हून अधिक झाल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांची कोष्टके प्रसिद्ध केली आहेत. त्यांत ५२८ पदार्थांची माहिती आहे, आणि डाळ, गूळ, खोबरे, तांदूळ यांचे आकडे तेथून घेऊन मोदक, करंजी, साटोरी अशा आपल्या पदार्थांचा हिशेब एका दुपारी करून ठेवता येतो. ती दुपार जरूर खर्च करा.

दुसऱ्याच्या घरी किंवा लग्नाच्या जेवणात असे करता येत नाही, आणि तेथे अचूकपणाचा हट्टही धरू नये. अशा वेळी मी कॅलरी लिहितच नाही. पदार्थ आणि माप लिहिते. ‘जिलेबी तीन, मठ्ठा एक पेला, मसालेभात दीड वाटी, भजी चार’ एवढे जागच्या जागी मोबाइलवर टिपून ठेवते आणि रात्री त्यापुढे दोन आकडे मांडते, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. बेरजेत मात्र जास्तीचाच आकडा धरते, कारण माझा अंदाज चुकतो तो बहुतेक वेळा कमी बाजूलाच, हे मी वजनकाट्याशी ताडून पाहिले आहे. आपल्या घरची वाटी एकदा पाण्याने मोजून घ्या. आमच्या घरात ‘वाटी’ या एकाच नावाखाली १२० मिलिलिटरपासून २०० मिलिलिटरपर्यंतची भांडी निघाली. आणि ‘थोडे’, ‘जरासे’, ‘चवीपुरते’ हे शब्द वहीत येऊ देऊ नका. आग्रहाने वाढलेला अर्धा लाडू अर्धा म्हणूनच लिहावा; तो कोणाच्या आग्रहाने खाल्ला याचा पोटाशी काही संबंध नसतो. उपवासाच्या पदार्थांविषयीही हेच सांगेन. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे आपण नुसते म्हणतो, पण साबुदाण्याच्या खिचडीतले दाण्याचे कूट आणि तूप मात्र वहीत लिहीत नाही.

दुसऱ्या वर्षीच्या गौरीपूजनाला मी सगळे लिहिले, आणि तेव्हा मला जे दिसले ते मला आजवर कोणी सांगितले नव्हते. माझी समजूत होती की माझा घात पुरणपोळी करते. वहीत दिसले ते असे. नैवेद्य दाखवेपर्यंत आमच्याकडे चवही बघत नाहीत, त्यामुळे सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत माझ्या पोटात दोन कप चहाखेरीज काहीही नव्हते. म्हणूनच पहिल्या दोन पोळ्या मी कशा खाल्ल्या ते मला आठवतही नव्हते. जेवणे आटोपल्यावर झाकपाक करताना उरलेले पुरण चमच्याने, तळणाचे तुकडे, मुलीच्या ताटातली अर्धी पोळी, असे उभ्या उभ्या सुमारे ४०० कॅलरींचे खाणे झाले होते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुढचे दोन दिवस सकाळी दुधात कुस्करलेली शिळी पोळी, दुपारी पुन्हा पोळी, चहाबरोबर करंजी असे चालूच होते. सणाच्या एका दिवसापेक्षा त्यामागून आलेले दोन दिवस मिळून जास्त भरत होते. मी मात्र दोष सणाला देत होते.

पहिल्या वर्षी हे दोन दिवस इतके का बिघडले, याचे कारण मला आता कोऱ्या पानातच दिसते. नोंद एकदा तुटली की आठवडा हातचा गेला असे वाटते, आणि ‘आता सोमवारपासून’ असे म्हणत आपण सोमवारपर्यंत मोकळे होतो. हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली केलेला प्रयोग याच वृत्तीचा आहे. काही जणींना आधी मिल्कशेक पाजला, काहींना नाही, आणि मग सर्वांना चव पाहण्याच्या निमित्ताने हवे तेवढे आइस्क्रीम खाऊ दिले. ज्या एरवी खाण्यावर बंधन ठेवत नसत त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले, जे साहजिक आहे. ज्या बंधन पाळत असत त्यांनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त खाल्ले. मोडलेच आहे तर मोडू दे, हा त्यामागचा भाव आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. ३,००० हा आकडा लिहून काढला की त्या दिवसाला शेवट मिळतो आणि दुसऱ्या दिवसाचे पान स्वच्छ उघडते. लिहिला नाही तर तोच दिवस पुढे तीन दिवस चालू राहतो.

म्हणूनच भरपाईच्या उपवासाला माझा स्पष्ट विरोध आहे. तुमच्या ॲपमध्ये त्या दोन दिवसांपुढे लहान आकडे दिसतील आणि सरासरी पुन्हा सुंदर होईल, पण भुकेने तिसऱ्या दिवशी काय होते ते मी गौरीच्या दुपारी दोन वाजताच पाहिले आहे. शिवाय मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर जेवण चुकवल्याने रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसे अजिबात करू नका. दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर दीड किलो जास्त दिसले तर घाबरू नका. एक किलो चरबी साठण्यासाठी साधारण ७,७०० कॅलरी जास्त जाव्या लागतात. तुमच्या सणाच्या दिवशी मर्यादेपेक्षा १,४०० जास्त गेल्या असतील, तर त्या सगळ्यांची चरबी झाली असे धरले तरी ती दोनशे ग्रॅमही भरत नाही. उरलेले वजन पोटातल्या अन्नाचे आणि पाण्याचे असते: गोड आणि पिष्टमय खाण्यातून शरीरात जे ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) साठते त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरले जाते, आणि मिठामुळेही पाणी साठते. चार-पाच दिवस नेहमीचे जेवण घेतले की ते उतरते. या काळात वजन करायचेच असेल तर करा, पण त्याही आकड्याची नोंद करा, म्हणजे पुढच्या सणाला तो उतरायला किती दिवस लागतात हे तुमच्या शरीराच्या भाषेत तुम्हाला कळेल.

एक गोष्ट आवर्जून सांगते. नोंद करताना हात थरथरत असेल, आकडा पाहून जेवण ओकून टाकावे असे मनात येत असेल, किंवा वहीच्या भीतीने तुम्ही चारचौघांत जेवणे टाळू लागला असाल, तर वही बंद करा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. अशा वेळी प्रामाणिक नोंद हा उपाय नाही. मोजणे हाच त्रासाचा भाग झालेला असतो. तुमच्या लिहिण्यात मला तसे काही जाणवले नाही, थोडी अपराधी भावना जाणवली, आणि तिच्यासाठी मी माझ्या वहीतून ‘वाईट दिवस’ हे शब्द काढून टाकले आहेत. ॲपमधला लाल रंगही शक्य असल्यास बंद करा. हिशेबाच्या पुस्तकात लग्नाचा खर्च हा गुन्हा म्हणून लिहिला जात नाही. तो लग्नखात्यात लिहिला जातो, आणि तेवढ्यावरून पुढच्या महिन्याची तजवीज करता येते.

तुमचे ते तीन कोरे दिवस अजून भरता येतील. फोटो काढले असतील तर ते उघडा, घरात आणखी कोण जेवायला होते त्यांना विचारा, डबा किती उरला होता ते आठवा, आणि जेवढे सापडेल तेवढे आजच लिहून त्यापुढे ‘आठवणीने’ अशी खूण करा. मग त्या महिन्याची सरासरी पुन्हा काढा, आणि मर्यादा १,६०० वरून खाली आणायची की नाही ते त्यानंतरच ठरवा.