अमेरिकेतील सरकारी रुग्णालयात सुरक्षा तज्ज्ञाचे काम : येऊ पाहणाऱ्या एका सेफ्टी ऑफिसरला सविस्तर उत्तर

रासायनिक कारखान्यात नऊ वर्षे सेफ्टी ऑफिसर म्हणून काम केलेले, औद्योगिक सुरक्षेची पदविका असलेले तुम्ही, बहिणीने फार पूर्वी केलेल्या अर्जावर आता ग्रीन कार्ड मिळून सहकुटुंब अमेरिकेला येत आहात, आणि तिथल्या सरकारी रुग्णालयात सुरक्षा तज्ज्ञाची नोकरी मिळेल का व ते काम नेमके कसे असते, असे तुम्ही विचारले आहे. मी आधी एका काउंटी, म्हणजे जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या, रुग्णालयात हे काम केले आणि नागरिकत्व मिळाल्यानंतर माजी सैनिकांसाठीच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, रुग्णालयात आलो, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत. तुम्ही घर आवरून, मुलांच्या शाळा सोडवून निघणार आहात, म्हणून जे अवघड आहे ते सौम्य करून सांगत नाही.

पहिला मुद्दा नागरिकत्वाचा. फेडरल सरकारच्या स्पर्धात्मक सेवेतील पदांवर १९७६ च्या अध्यक्षीय आदेशानुसार सर्वसाधारणपणे अमेरिकी नागरिकांचीच नेमणूक होते, आणि व्हेटरन्स अफेअर्स, म्हणजे ज्याला सगळे व्हीए म्हणतात, त्या खात्याच्या रुग्णालयांतील सुरक्षा तज्ज्ञाचे पद याच सेवेत मोडते. तुमच्या ओळखीतला एखादा डॉक्टर नागरिक नसतानाही व्हीएमध्ये लागल्याचे तुम्ही ऐकले असेल, आणि ते खरेही असू शकेल. डॉक्टर व परिचारिकांच्या नेमणुका वेगळ्या कायद्याखाली होतात आणि पात्र नागरिक मिळाला नाही तर तिथे परदेशी व्यक्तीला घेता येते. आपल्या पदाला तशी सवलत व्यवहारात मिळत नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यापासून नागरिकत्वाच्या अर्जासाठी साधारण पाच वर्षे थांबावे लागते. म्हणजे व्हीएचे दार तुमच्यासाठी आज बंद आहे, आणि तोवरची वर्षे कुठे काढायची हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न आहे.

माझे स्पष्ट मत असे की ती वर्षे काउंटीच्या, राज्याच्या किंवा विद्यापीठाच्या रुग्णालयात काढावीत, कारण तिथे बहुतेक ठिकाणी ग्रीन कार्ड पुरते आणि रुग्णालयाचा अनुभव मिळतो, जो पुढे तुमच्या कारखान्यातील नऊ वर्षांपेक्षाही जास्त मोजला जाईल. मात्र राज्य निवडताना एक गोष्ट तपासा. १९७० चा व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य कायदा आणि त्याची अंमलबजावणी करणारी ओशा ही यंत्रणा खासगी मालकांना लागू आहे, पण राज्य व स्थानिक सरकारांच्या कर्मचाऱ्यांना ती थेट लागू होत नाही. राज्याने स्वतःची मान्यताप्राप्त योजना केली असेल तरच त्यांना संरक्षण मिळते. कॅलिफोर्नियाची योजना खासगी आणि सरकारी अशा दोन्ही कर्मचाऱ्यांना धरून आहे, न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि इलिनॉय यांच्या योजना फक्त सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आहेत, आणि टेक्सास व फ्लोरिडा यांची अशी कोणतीही योजना नाही. टेक्सासमधल्या काउंटी रुग्णालयात सुरक्षेचे काम होत नाही असे मुळीच नाही, पण तिथे तुमच्या शब्दामागे ओशाचा नियम उभा नसतो. रुग्णालयांना मान्यता देणारी संस्था, मेडिकेअर या प्रामुख्याने वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या अटी आणि विमा कंपनी यांच्या आधारावर तुम्हाला बोलावे लागते. शिकण्यासाठी मी तरी कॅलिफोर्निया निवडीन. हवेतून पसरणाऱ्या रोगांपासून कर्मचाऱ्यांना वाचवण्याचा स्वतंत्र नियम आणि रुग्णालयातील हिंसाचार रोखण्याचा स्वतंत्र नियम तिथे आहे, आणि असे नियम राबवलेला माणूस पुढे कुठेही उभा राहू शकतो.

आता फेडरल रुग्णालयातले काम. कारखान्यात तुमच्या हाती एक न बोललेली ताकद होती : फॅक्टरी इन्स्पेक्टर येईल, खटला होईल, दंड बसेल. फेडरल खात्याला ओशा तपासणीत त्रुटी आढळल्याची नोटीस देऊ शकते, पण दंड करू शकत नाही. सरकारने सरकारला दंड करायचा नाही, अशी ही रचना आहे. त्याऐवजी १९८० च्या एका अध्यक्षीय आदेशाने आणि त्यावर आधारलेल्या नियमांनी प्रत्येक खात्यावर स्वतःची तपासणी स्वतः करण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि ती तपासणी करणारा माणूस म्हणजे तुम्ही. प्रत्येक कामाच्या जागेची वर्षातून किमान एकदा तपासणी झालीच पाहिजे. कर्मचाऱ्याने धोक्याची तक्रार केली, तर तत्काळ जिवावर बेतणाऱ्या धोक्याची २४ तासांत, गंभीर होऊ शकणाऱ्या धोक्याची कामाच्या ३ दिवसांत आणि बाकीच्यांची कामाच्या २० दिवसांत पाहणी करावी लागते. त्रुटी सापडल्यास नोटीस त्या जागी सर्वांना दिसेल अशी लावायची, आणि दुरुस्तीला ३० दिवसांहून अधिक काळ लागणार असेल तर ती कशी व केव्हा होणार, तोवर कर्मचाऱ्यांचे रक्षण कसे होणार, याची लेखी योजना करायची.

ही कालमर्यादा हीच तुमची सत्ता आहे, आणि ती वापरण्याचे कौशल्य हेच या नोकरीचे मर्म आहे असे मी मानतो. दंडाचा धाक नसल्यामुळे विभागप्रमुख तुमचा अहवाल बाजूला ठेवू शकतो. पण अचूक नियम, तारीख, छायाचित्र, धोक्यात असलेल्या कर्मचाऱ्यांची संख्या आणि दुरुस्तीचा व्यवहार्य मार्ग असलेला अहवाल सुरक्षा समितीच्या इतिवृत्तात एकदा गेला की तो बाजूला ठेवणे फार अवघड होते. मोघम लिहिणारा सेफ्टी स्पेशालिस्ट इथे टिकतो, पण त्याच्या हातून काही बदलत नाही. इंग्रजीत मोजके, काटेकोर आणि कुणालाही न दुखावता लिहिण्याचा सराव आजपासून करा.

कारखान्याची एक सवय मात्र तुम्हाला मुळापासून बदलावी लागेल. तिथे आग लागली की भोंगा वाजतो, प्लांट बंद होतो आणि सगळे बाहेर ठरलेल्या जागी जमतात. रुग्णालयात व्हेंटिलेटरवरचा माणूस, शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा माणूस, पलंगाला खिळलेला ऐंशी वर्षांचा सैनिक यांना जिन्याने खाली नेता येत नाही. म्हणून इमारत धूर अडवणाऱ्या भिंतींनी कप्प्यांत विभागलेली असते, रुग्णांना आधी त्याच मजल्यावर शेजारच्या कप्प्यात सरकवले जाते, आणि सगळी भिस्त त्या भिंतींवर व दारांवर असते. नेटवर्कची केबल टाकणाऱ्या माणसाने छताच्या वर त्या भिंतीला पाडलेले आणि न बुजवलेले एक भोक या सगळ्या योजनेला निकामी करू शकते. म्हणून छताचा तक्ता सरकवून, शिडीवर चढून, विजेरीने भिंत पाहणे हे आमचे नित्याचे काम आहे. ऑक्सिजनचेही तसेच. आगीत तुमचा हात आपोआप झडप बंद करायला जाईल, पण वॉर्डाची ऑक्सिजनची झडप बंद केली तर कुणाचा श्वास थांबेल हे आधी तिथल्या प्रभारी परिचारिकेकडून कळावे लागते, आणि ती झडप कुणी, कुणाच्या संमतीने बंद करायची हे आगीच्या आधी लिहून, शिकवून ठेवलेले असावे लागते.

व्हीएच्या कित्येक इमारती जुन्या आहेत आणि त्यांत बांधकाम कधीच थांबत नाही. भिंत फोडायची म्हटले की ॲस्बेस्टॉस आहे का हे पाहायचे, धूळ शेजारच्या वॉर्डात जाऊ नये म्हणून अडथळा आणि ऋण दाब, म्हणजे आतल्या हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी, ठेवायचा, बाहेर पडण्याचा एखादा मार्ग किंवा आग विझवणाऱ्या फवाऱ्यांची यंत्रणा काही काळ बंद राहणार असेल तर जादा फेऱ्या व पहारा यांसारखे तात्पुरते उपाय लेखी ठरवायचे. बांधकामातल्या धुळीतून येणारी ॲस्परजिलस ही बुरशी प्रतिकारशक्ती गेलेल्या कर्करोगाच्या रुग्णाचा जीव घेऊ शकते, त्यामुळे इथे कंत्राटदाराशी घातलेला वाद हा कागदी वाद नसतो. हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि सगळ्यांत कमी लोकांना तो ठाऊक असतो.

रसायनांच्या बाबतीत मात्र तुमचा अनुभव थेट कामाला येईल. पॅथॉलॉजीत फॉर्मल्डिहाइड असते, ज्याची आठ तासांची सरासरी मर्यादा हवेच्या दशलक्ष भागांत ०.७५ भाग आणि १५ मिनिटांची मर्यादा २ भाग आहे. निर्जंतुकीकरण विभागात इथिलीन ऑक्साइड वापरत असतील तर आठ तासांची मर्यादा १ भाग आहे. कर्करोगाची औषधे तयार करणाऱ्या फार्मसीत हवेचा दाब, हातमोजे आणि सांडलेले औषध टिपण्याची पद्धत पाहावी लागते. नमुने घेणे आणि मोजणे हे प्रामुख्याने इंडस्ट्रियल हायजिनिस्टचे, म्हणजे कामाच्या जागेतील आरोग्याचे धोके मोजणाऱ्या तज्ज्ञाचे, काम असते. लहान रुग्णालयात ते तुमच्याकडेही येऊ शकते.

सुई टोचण्याच्या अपघातांकडे स्वतंत्र लक्ष द्यावे लागते. रक्तातून पसरणाऱ्या रोगांविषयीचा ओशाचा नियम १९९१ चा आहे, आणि २००० साली झालेल्या कायद्याने त्यात भर घालून सुरक्षित सुया निवडताना प्रत्यक्ष रुग्णसेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे मत घेणे बंधनकारक केले. ही तरतूद मला फार महत्त्वाची वाटते, कारण खरेदी विभागाला स्वस्त वाटणारी सुई रात्रपाळीच्या परिचारिकेच्या हातात कशी वागते हे तीच सांगू शकते. रुग्ण उचलताना होणाऱ्या पाठीच्या दुखापतींचेही असेच आहे. हाताने रुग्ण उचलण्यासाठी सुमारे १६ किलो, म्हणजे ३५ पौंड, ही सुरक्षित मर्यादा सुचवलेली आहे, आणि कोणताही प्रौढ रुग्ण त्यापलीकडेच असतो. छताला बसवलेली उचलयंत्रे आणण्यात व्हीए देशात आघाडीवर राहिले आहे. यंत्र बसवले तरी त्याची झोळी धुलाईहून वेळेवर परत येते का, हेही तुम्हालाच पाहावे लागेल. न येणाऱ्या झोळीमुळे माणसे पुन्हा हाताने उचलू लागतात.

हिंसाचाराविषयी थोडक्यात : युद्धाच्या आठवणींनी, व्यसनाने किंवा स्मृतिभ्रंशाने त्रासलेले रुग्ण कर्मचाऱ्यांवर धावून जातात, हे घडते. व्हीए रुग्णालयांत स्वतःचे पोलीस असतात आणि अशा वर्तनाचा विचार करणारी समितीही असते. तुमचे काम घटनांची नोंद खरी व्हावी हे पाहणे. 'हे आमच्या कामाचा भागच आहे' असे म्हणून परिचारिका नोंद करत नाहीत, आणि नोंद नसली की उपायही होत नाही.

पात्रतेविषयी. सर्टिफाइड सेफ्टी प्रोफेशनल, म्हणजे सीएसपी, हे प्रमाणपत्र इथे सर्वत्र मानले जाते. त्यासाठी पदवी, सुरक्षेच्या कामाचा चार वर्षांचा अनुभव आणि हे प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाने मान्य केलेली एखादी आधीची पात्रता लागते. तुमची पदविका मंडळाच्या मान्य पात्रतांमध्ये बसते का हे निघण्यापूर्वीच त्यांना लिहून विचारा; बसत नसेल तर असोसिएट पातळीची परीक्षा आधी द्यावी लागेल. फेडरल पद ००१८ या क्रमांकाच्या पदमालिकेतले असते आणि ९, ११ किंवा १२ या श्रेणींत बहुधा जाहिरात निघते. अर्जात खालच्या श्रेणीच्या तोडीचा एक वर्षाचा विशेष अनुभव दाखवावा लागतो, प्रत्येक नोकरीत आठवड्याला किती तास काम केले हे लिहावे लागते, आणि भारतीय पदवीचे इथल्या मान्य संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यावे लागते. नेमणुकीत माजी सैनिकांना प्राधान्य असते आणि ते योग्यच आहे. २०२५ च्या जानेवारीत फेडरल भरती गोठवली गेली आणि त्या वर्षी व्हीएनेही हजारो पदे कमी केली, म्हणून 'सरकारी नोकरी म्हणजे कायमची' हा आपल्याकडचा समज इथे आणू नका.

रजेचा हिशेब चांगला आहे. पहिली तीन वर्षे वर्षाला १३ दिवस, मग २० आणि पंधरा वर्षांनंतर २६ दिवस, शिवाय १३ दिवस आजारपणाची रजा आणि ११ सुट्ट्या. निवृत्तिवेतनासाठी किमान पाच वर्षे सेवा लागते. खासगी उद्योगातला पगार बहुधा यापेक्षा जास्त असतो, हे ध्यानात ठेवून निर्णय घ्या.

निघण्यापूर्वी विद्यापीठाकडून गुणपत्रिका बंद लिफाफ्यात घ्या, आणि कारखान्याकडून असे अनुभवपत्र घ्या ज्यात हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास, तुमच्या देखरेखीखालील माणसांची संख्या आणि तुम्ही स्वतः केलेली कामे, म्हणजे धोकादायक कामांची परवाना पद्धत, अपघातांचा तपास, प्रशिक्षण, हवेचे नमुने, स्पष्ट लिहिलेली असतील. नुसते 'सेफ्टी ऑफिसर म्हणून समाधानकारक काम केले' असे पत्र इथे उपयोगाचे नाही. कंपनी विकली गेली किंवा अधिकारी बदलले की असे पत्र मिळवणे फार जड जाते, म्हणून राजीनामा देण्याच्या आधी ते हातात असू द्या. आल्यावर पहिल्या आठवड्यात कोणत्या राज्यात स्थिरावणार ते मला कळवा. त्या राज्यातल्या सरकारी रुग्णालयांना कोणते नियम लागू होतात हे आपण एकत्र बसून पाहू.