डिस्क नाही, तर मशीन अडतंय कुठं? : वाचकांचे प्रश्न

या वेळी डिस्कलेस मशिन्सचे प्रश्न एकत्र घेतलेत. म्हणजे हार्डडिस्क नसलेली, नेटवर्कवरून बूट होणारी, ज्यांची सगळी सिस्टिम फाइल सर्व्हरवर असते अशी. बऱ्याच जणांनी नुसतं "बूट होत नाही" एवढंच लिहून पाठवलंय, आता यावर काय सांगणार? आधी डीएचसीपीकडून (नेटवर्कवर पत्ते वाटणारी सेवा) आयपी, म्हणजे मशीनचा पत्ता येतो, मग टीएफटीपीवरून (फाइल पाठवायची साधी पद्धत) बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा), मग एनएफएसवरून (सर्व्हरवरचे फोल्डर नेटवर्कवरून वापरायची सोय) रूट फाइलसिस्टिम, म्हणजे सिस्टिमच्या सगळ्या फाइल्स. यातल्या कुठल्या पायरीवर गाडी थांबली ते आधी बघा, स्क्रीनवरच्या शेवटच्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढा आणि मगच सेटिंगला हात लावा.

प्रश्न : लॅबमधे जुना स्विच काढून नवीन मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच बसवला. तेव्हापासून मशीन चालू केलं की पीएक्सई-ई५१ (पीएक्सई म्हणजे मशीनमधली नेटवर्कवरून बूट करायची सोय) येतं, डीएचसीपी ऑफर मिळाली नाही म्हणतं. रिस्टार्ट केलं तरी तेच. पण बूट मेनूत थोडं थांबून परत ट्राय केलं तर व्यवस्थित चालू होतं. डीएचसीपी सर्व्हर खराब झालाय का?

उत्तर : नाही हो, सर्व्हरला कशाला दोष देताय, थांबल्यावर चालतं हे तुम्हीच लिहिलंय की! हा स्पॅनिंग ट्रीचा, म्हणजे नेटवर्कमधे गोल फेरा (लूप) होऊ न देणाऱ्या स्विचच्या सोयीचा उद्योग आहे. पोर्टवर लिंक आली की स्विच आधी लूप तर नाही ना ते तपासतो, लिसनिंगचे १५ सेकंद आणि लर्निंगचे १५, असे ३० सेकंद त्या पोर्टवरून डेटा पुढं जातच नाही आणि तेवढ्यात पीएक्सईवाला आयपी मागून मागून दमतो. रिस्टार्ट केलं की लिंक परत पडते आणि ते ३० सेकंद नव्यानं सुरू होतात, म्हणून रिस्टार्टनं काही फरक पडत नाही. स्विचच्या सेटिंगमधे जाऊन त्या पोर्टना पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट करा, म्हणजे तिथं ही वाट बघावी लागणार नाही. फक्त मशीन लावलेल्या पोर्टनाच करायचं, दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टला करू नका, नाहीतर कुणीतरी चुकून एक केबल जास्तीची लावेल आणि अख्खं नेटवर्क बसेल.

प्रश्न : माझ्याकडे ई५१ नाही तर ई५३ येतं, बूट फाइलनेम मिळालं नाही म्हणून. तेही रोज नाही, अधूनमधून.

उत्तर : ई५३ म्हणजे आयपी मिळाला पण कुठली फाइल घ्यायची ते कुणी सांगितलं नाही. आणि अधूनमधून येतंय म्हणजे नेटवर्कवर डीएचसीपी देणारे दोघं आहेत. दुसरा बहुतेक राउटर. ज्याची ऑफर मशीननं धरली त्याच्यावर बूट होणार की नाही ते ठरतं. सर्व्हरवर टीसीपीडंप (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम) लावून डीएचसीपीचे ६७ आणि ६८ पोर्ट बघा, एका रिक्वेस्टला दोन आयपींवरून उत्तर आलं की चोर सापडला. राउटरचं डीएचसीपी बंद करा, ते तुमच्या हातात नसेल तर डीएनएसमास्क हा डीएचसीपीचा प्रोग्रॅम प्रॉक्सी मोडमधे लावा, मग आयपी राउटर देईल आणि बूटची माहिती तुमचा सर्व्हर.

प्रश्न : जुनी मशिन्स छान चालतात. नवीन मशिन्स आणली ती फाइल घेतात, टीएफटीपीच्या लॉगमधे फाइल पूर्ण गेलेली दिसते आणि तरी मशीन परत बूट मेनूवर येऊन बसतं.

उत्तर : नवीन मशिन्स यूईएफआयवाली (यूईएफआय म्हणजे मशीन चालू करणाऱ्या जुन्या बायोसची जागा घेणारा नवा प्रोग्रॅम) असणार आणि तुम्ही त्यांनाही जुन्या बायोसची पीएक्सईलिनक्स.० फाइल वाढताय. यूईएफआयला ती चालवता येत नाही, त्याला .ईएफआय वाली लागते. मशीन आपला प्रकार डीएचसीपीच्या ऑप्शन ९३ मधे स्वतःच सांगतं, जुना बायोस असेल तर ० आणि ६४ बिट यूईएफआय असेल तर सहसा ७. त्या नंबरावरून वेगळी फाइल द्यायची असा नियम डीएचसीपीत लिहा. नंतरही अडलं तर सिक्युअर बूट बघा, सही नसलेला बूटलोडर ते चालू देणार नाही.

प्रश्न : ताई, कर्नल लोड होतो, रूट फाइलसिस्टिम माउंट होते (जोडली जाते), लॉगिनपण येतं, पण पासवर्ड कुणाचाच चालत नाही, रूट या मुख्य युजरचाही नाही. पासवर्ड बरोबर आहे हे शंभर टक्के. एक्सपोर्ट्स फाइलमधे (कुठला फोल्डर कुणाला द्यायचा ते सांगणारी सर्व्हरवरची फाइल) नो रूट स्क्वॅश (मशीनवरच्या रूटला सर्व्हरवरही रूटच धरायचं) लिहिलेलं आहे.

उत्तर : लिहिलेलं आहे, पण लागू झालंय का? ती ओळ परत बघ, आयपी रेंज आणि त्याच्या पुढचा कंस यांच्यामधे एक स्पेस पडलीय का? ती स्पेस असली की अर्थच उलटा होतो. तुझ्या लॅबच्या आयपींना डीफॉल्ट सेटिंग मिळतं, म्हणजे रूट स्क्वॅश चालू आणि फक्त रीड, आणि कंसातली सगळी सूट मिळते बाकी जगाला! रूट स्क्वॅश चालू असलं की क्लायंटवरचा (लॅबमधल्या मशीनवरचा) रूट सर्व्हरच्या दारात गेल्यावर कुणीच नसलेला युजर होतो, मग पासवर्ड ठेवलेली शॅडो फाइल त्याला वाचता येत नाही आणि पासवर्ड तपासणार कशाशी? म्हणून कुणाचाच चालत नाही. स्पेस काढ, बदल लागू करायला एक्सपोर्टएफएस -आरए चालव आणि मग एक्सपोर्टएफएस -व्ही करून खरंच काय लागू आहे ते वाच. फाइलमधे काय लिहिलंय आणि सर्व्हर काय धरून बसलाय या दोन वेगळ्या गोष्टी असतात, माझा भरवसा फक्त दुसऱ्यावर. आणि नो रूट स्क्वॅश फक्त लॅबच्या रेंजपुरतंच ठेव, जमलं तर रूट फाइलसिस्टिम रीड-ओन्ली दे आणि लिहायच्या जागा क्लायंटच्या रॅममधे टीएमपीएफएसवर.

प्रश्न : बूट होता होता मधेच "सर्व्हर नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्राइंग" येतं आणि मशीन कायमचं गोठतं. सर्व्हर तर चालू असतो.

उत्तर : गोठलेल्या मशीनला दुसरीकडून पिंग करा. पिंगला उत्तर आलं तर कर्नल आणि नेटवर्क जिवंत आहे, सर्व्हरची एनएफएस सर्व्हिस आणि फायरवॉलमधला २०४९ पोर्ट बघा. उत्तर नाही आलं आणि दरवेळी सर्व्हिसेस चालू होतानाच गोठत असेल तर माझा संशय नेटवर्कमॅनेजरवर, म्हणजे मशीनवर नेटवर्क सेट करणाऱ्या सर्व्हिसवर. कर्नलनं आधीच कार्ड चालू करून आयपी घेतलेला असतो, हा नंतर येतो आणि स्वतःच्या पद्धतीनं सेट करायला कार्ड एकदा खाली घेतो. बसलेल्या फांदीवरच कुऱ्हाड! कार्ड परत वर आणायला लागणारे प्रोग्रॅमसुद्धा त्याच नेटवर्कच्या पलीकडे असतात. इमेजमधे (सर्व्हरवरची सिस्टिमची प्रत) त्या कार्डाला अनमॅनेज्ड करून टाका, म्हणजे तो त्याला हात लावणार नाही.

प्रश्न : सगळी ३० मशिन्स एकदम चालू केली की खूप वेळ लागतो. एकएक केली तर पटकन होतात.

उत्तर : हिशोब करून बघा ना. इनिटआरडी (कर्नलबरोबर जाणारी सुरुवातीची छोटी फाइलसिस्टिम) ६० एमबीची धरली तर ३० मशिन्सचे झाले १,८०० एमबी. सर्व्हरची केबल १०० एमबीपीएसवर चालत असेल तर सेकंदाला जेमतेम १२ एमबी, म्हणजे अडीच मिनिटं नुसती तीच फाइल जाण्यात. गिगाबिट असेल तर पाव मिनिटाच्या आसपास. तेव्हा आधी ईथटूल चालवून सर्व्हरचा लिंक स्पीड बघा, केबलची एखादी जोडी खराब असली तर गिगाबिट कार्ड गुपचूप १०० वर उतरतं.

शिवाय टीएफटीपी मूळचा ५१२ बाइटचे तुकडे पाठवतो आणि प्रत्येक तुकड्याची पोच आल्याशिवाय पुढचा सोडत नाही, ६० एमबीला सव्वा लाखाच्या जवळपास फेऱ्या. ब्लॉकसाइज १४६८ करून घ्या. त्याहून बरं म्हणजे टीएफटीपीवरून फक्त आयपीएक्सई (एचटीटीपीवरूनही फाइल घेऊ शकणारा बूटलोडर) द्या आणि कर्नल, इनिटआरडी एचटीटीपीवरून.

प्रश्न : सर्व्हरवरची इमेज अपडेट केली की चालू मशिन्सवर "स्टेल फाइल हँडल" येतं. सगळी बंद करूनच अपडेट करायचं का?

उत्तर : जुना फोल्डर उडवून त्याच नावानं नवा कॉपी करता ना? नाव तेच असलं तरी चालू मशिन्सनी जुन्या फाइल्सचे हँडल (सर्व्हरनं दिलेली ओळखखूण) धरलेले असतात आणि त्या फाइल्स आता सर्व्हरवर नाहीत. नवीन इमेज वेगळ्या नावाच्या फोल्डरमधे टाका, तो फोल्डरही एक्सपोर्ट करा, बूट कॉन्फिगमधला एनएफएसरूटचा पाथ बदला. चालू असलेली जुन्यावर चालत राहतील, रिस्टार्ट होतील तशी नव्यावर येतील. जुना फोल्डर शेवटचं मशीन त्याच्यावरून उतरेपर्यंत ठेवा.