रेड वाईन: आधी प्रदेश ओळख, मग साल बघ

भावा, पहिलीच बाटली महाग आणि जुनी घ्यायचा विचार सोड. जुनी तितकी चांगली, हा नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज. बहुतेक रेड वाईन काही वर्षांत प्यायसाठीच बनते.

सुरुवात बोर्दोपासून, म्हणजे फ्रान्समधल्या वाईनच्या नामांकित प्रदेशापासून कर. तिथल्या जिरोंद खाडीच्या डाव्या काठाला, मेदोक भागात, गोटाड जमीन. पाणी लगेच निचरतं, काबर्ने सोव्हिन्यों जातीचं द्राक्ष छान पिकतं. वाईन सुरुवातीला कडक, तुरट लागते. दोर्दोन्य नदीच्या उजव्या काठाला पोमेरोल भागाची चिकणमाती, तिथं मर्लो जातीचं द्राक्ष, वाईन मऊ. दोन्ही काठांची एकेक साधी बाटली मित्रांत वर्गणी काढून आणा आणि शेजारी-शेजारी चाखा. हा फरक वाचून नाही, चाखूनच कळतो!

साल म्हणजे द्राक्षं खुडल्याचं वर्ष. बोर्दोत २०१३ला थंडी-पावसानं द्राक्षं नीट पिकली नाहीत, वाईन हलक्या झाल्या; २०१०च्या मात्र भरदार आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या. तरी कुठलं साल थोर, याची पाठांतरं आत्ता नकोत. चांगला उत्पादक कमजोर सालातही प्यायला छान वाईन देतो, आणि ती स्वस्त मिळते.

आपल्याकडं हमखास होणाऱ्या चुका:

- कोल्हापूरच्या उन्हाळ्यात बाटली तशीच उघडणं. १६ ते १८ अंश हवं, म्हणून आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव.
- तांबड्या रश्श्याबरोबर पहिली चव घेणं. तिखटानं तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही बोचतात. साधं भाजलेलं मटण घे.
- बाटली महिनोन्महिने गरम कपाटात ठेवणं.