आधी कारकुनी, मग वकिली

चि. ...,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कोर्टात कारकून म्हणून रोजनामे लिहिण्यात आणि पुढच्या तारखा देण्यात उमेदीची वर्षं जातायत, बरोबरीचे केव्हाच वकील झाले, ही तुझी खंत समजली. म्हणून आज पायस लांगा यांच्याविषयी लिहितो.

जन्म 1939 चा, दक्षिण आफ्रिकेतला. आधी शर्टच्या कारखान्यात मजुरी, मग 1960 मध्ये न्याय खात्यात दुभाषा म्हणून चिकटले. वर्णभेदाचे दिवस. न्यायासनावर गोरा मॅजिस्ट्रेट, समोर काळा आरोपी आणि दोघांच्या मध्ये हा तरुण. नोकरी करत युनिसा या दक्षिण आफ्रिकेतल्या विद्यापीठातून पत्रद्वारा शिकले, 1976 मध्ये एलएल.बी. झाले. वकिलीला लागले तेव्हा वय 38! पुढे 1994 मध्ये राज्यघटनेचा अर्थ लावणाऱ्या नव्या घटना न्यायालयाच्या पहिल्या 11 न्यायाधीशांत नेमणूक झाली आणि 2005 ते 2009 ते सरन्यायाधीश होते.

पण तू पदांच्या यादीत अडकू नकोस, त्यांचे निकाल वाच. 2007 चा चमकीचा खटला आधी घे. डर्बनमधल्या एका तमिळ मुलीनं नाक टोचून घेतलं, शाळेनं चमकी काढायला सांगितली. आई म्हणाली, वयात आलेल्या मुलीचं नाक टोचणं ही आमच्या घरची रीत आहे. ही रीत धर्मानं सक्तीची केलेली नाही, हे लांगांनाही मान्य होतं. तरीही माणूस जे मनापासून पाळतो त्याला संरक्षण मिळालंच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. आपल्याकडची कसोटी 'अत्यावश्यक धार्मिक प्रथे'ची, म्हणजे प्रथा धर्मात अनिवार्य असेल तरच तिला संरक्षण. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या 2022 च्या हिजाब निकालात या खटल्याची चर्चा आहे. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाच. मला लांगांची वाट अधिक माणुसकीची वाटते.

तुझ्या टेबलावरून जे दिसतं ते आम्हा वकिलांना दिसत नाही. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून नुसता "हो साहेब" म्हणतो, प्रश्न त्याला कळलेलाच नसतो. निकाल लागल्यावर म्हातारी दाराशी थांबून विचारते, "म्हंजी आपलं काय झालं?" तिला नीट समजावून सांग. अशा गोष्टी नावं गाळून वहीत टिपत जा. लांगांनी हे सारं 17 वर्षं आतून पाहिलं. त्यांची भाषा इतकी साधी का, याचं कारण मला त्यातच दिसतं.

मग 2004 चा 'भे' खटला वाच. बाप वारला, केपटाउनजवळच्या खायलित्शा वस्तीतल्या दोन लहान मुली मागे राहिल्या आणि रूढीप्रमाणे घर आजोबांकडे जाणार होतं. वारसानं कुटुंब पोसायचं, ही जबाबदारीही त्याच रूढीत होती. काळाच्या ओघात ती सुटली आणि मालमत्ता तेवढी त्याच्याकडे राहिली, हे लांगा रूढीचा अपमान न करता दाखवतात. पुरुषालाच वारसा देणारा नियम त्यांनी रद्द केला. त्याच न्यायालयातले न्या. एन्कोबो यांचं मत वेगळं होतं: नियम मोडू नका, त्यात बायकांनाही जागा करा. मी लांगांच्या बाजूचा. तुला एन्कोबो पटले तर कारणांसकट कळव.

तुझा,
काका