आपत्कालीन निधी मोडून 14 कॅमेरे घ्यावेत का?

प्रश्न: मी मिशिगनमध्ये एच-1बीवर नोकरी करतो. आर्गस सी3 वापरता वापरता जुन्या अमेरिकन रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचा (खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस जुळवायचा) नाद लागला. जवळच्या गावात एका दिवंगत संग्राहकाच्या घरचे 14 कॅमेरे एकगठ्ठा 4,800 डॉलरला देताहेत: कोडॅक एक्ट्रा, कोडॅक मेडलिस्ट, दोन सिग्नेट 35 आणि दहा आर्गस सी3. आपत्कालीन निधी 14,500 डॉलर आहे, महिन्याचा खर्च 4,900. भाव चढताहेत, म्हणून गुंतवणूक समजून निधीतूनच घ्यावेत असं मला वाटतं. बायको नको म्हणते.

उत्तर: बायकोचं ऐका. कारण मात्र कॅमेऱ्यांत नाही, तुमच्या व्हिसात आहे. नोकरी गेली तर एच-1बीवर साधारण 60 दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात नवी नोकरी शोधायची, नाहीतर घर आवरून निघायचं. आज तुमच्याकडे जेमतेम तीन महिन्यांचा खर्च आहे. 4,800 काढले की दोनच महिन्यांचा उरतो, आणि विमानाची तिकिटं त्यात धरलेलीच नाहीत. अशा वेळी कपाटातली एक्ट्रा घाईघाईत विकायला काढली, तर गिऱ्हाईक म्हणेल तोच भाव.

आता गुंतवणुकीचं बघू. ॲन आर्बरच्या आर्गसने सी3 1939 ते 1966 अशी बनवली आणि वीस लाखांहून जास्त विकली. कॅमेरा विटेसारखा दणकट, त्यामुळे त्यातल्या कितीतरी अजून चालतात. इतका माल बाजारात असताना दहा सी3 म्हणजे फार तर मधल्या आकाराच्या खोक्याची अडगळ. गठ्ठ्याचं वजन पडतं ते एक्ट्रावर. 1941 साली कोडॅकच्या रोचेस्टरहून आलेला, फिल्म धरणारी पाठ बदलता येणारा हा कॅमेरा थोडाच बनला, म्हणून संग्राहक त्याच्या मागे असतात. पण त्याचं शटर बदनाम आहे आणि ते हाताळणारे कारागीर शोधावे लागतात. म्हणजे बहुतेक पैसे एकाच नाजूक यंत्रात अडकणार. हिला मी गुंतवणूक म्हणणार नाही.

विकताना ऑनलाइन बाजाराचं कमिशन जातं. वर्षानंतर नफा झाला आणि वस्तू संग्राह्य ठरली, तर त्यावर 28 टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. हौसेच्या वस्तूत तोटा झाला तर तो करातून वजाही होत नाही. आणि 401(के)मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यात, कंपनी तुमच्या भरण्याला जोड म्हणून जितकं मॅच करते तितकं तुम्ही भरता का? पत्रात उल्लेख नाही. भरत नसाल तर आधी ते.

हौस मात्र सोडू नका. निधी सहा महिन्यांच्या खर्चाइतका होईपर्यंत महिन्याला 100 डॉलर हौसेचे ठरवा, आणि फिल्मही त्यातच बसवा. खरा खर्च तिथेच होतो. 36 फोटोंचा रंगीत रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून सहज 25-30 डॉलर जातात. मेडलिस्टचं गणित आणखी महाग. त्याला 620 फिल्म लागते आणि कोडॅकने ती 1995 मध्ये बंद केली, म्हणून तेवढ्याच रुंदीच्या, आजही मिळणाऱ्या 120 फिल्मचा रोल अंधारात 620च्या रिळावर गुंडाळून घ्यावा लागतो. वर एका रोलमध्ये फोटो आठच. निगेटिव्ह भलीमोठी येते हे खरं, पण दर महिन्याच्या वापराचा तो कॅमेरा नाही.

माझ्या मते सिग्नेट मागा, तोही एकच. ॲल्युमिनियमची आटोपशीर बॉडी, 44 मिमीची एक्टार लेन्स, आणि फिल्म साधी 35 मिमी. घरच्यांना विचारा, सुटा देता का. नाही म्हणाले तर नमस्कार करून निघा, सिग्नेट इतरत्रही मिळतात. हो म्हणाले तर पैसे देण्याआधी रेंजफाइंडरमधून लांबचा विजेचा खांब बघा. अनंत अंतरावर दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. मग सगळ्यात कमी वेगावर शटर चार-पाच वेळा उडवा. पाती अडखळत असतील तर जुनं ग्रीस घट्ट झालंय, आणि सफाईची मजुरी किमतीतून वजा करूनच बोला.