गेटचा खांब पडला, म्हणून पगार कापता येतो का?

प्रश्न : मी पिंपरी-चिंचवडमध्ये एका कुरिअर ठेकेदाराकडे तीन वर्षांपासून छोटा हत्ती (छोटा मालवाहू टेम्पो) चालवतो. पगार महिना अठरा हजार रुपये आहे. गेल्या महिन्यात वाकडच्या एका सोसायटीत पार्सले उतरवून गाडी मागे घेताना गेटचा खांब पडला आणि सरकते दार वाकले. त्या दिवशी मला हेल्पर दिलेला नव्हता. सोसायटीने बेचाळीस हजारांचे बिल दिले. मालकांनी सेक्रेटरींसमोर ते भरण्याचे कबूल केले आणि आता दरमहा सहा हजार रुपये माझ्या पगारातून कापणार असल्याचे सांगितले. विम्याचा विषय काढला, तर ‘तुझ्या लायसनवर बॅज नाही, विमा मिळणारच नाही’ असे ते म्हणतात. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असून ते मी भरून देईन’ अशा मजकुराच्या कागदावर सही करावी आणि मूळ लायसन ऑफिसात जमा करावे, नाही तर कामावर येऊ नये, असे त्यांनी बजावले आहे. मी काय करावे?
— एक वाचक, काळेवाडी

उत्तर : त्या कागदावर सही करू नका आणि मूळ लायसन कोणाच्याही ताब्यात देऊ नका. लायसन तुमच्या नावाचे आहे. ते थकबाकीपोटी अडकवून ठेवण्याचा अधिकार मालकांना नाही.

तुमच्या मालकांनी दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केली आहे. सोसायटीची भरपाई कोणी करायची, हा एक प्रश्न. तुमच्याकडून चूक झाली असेल, तर नोकरीत तुमच्यावर काय कारवाई करायची, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पगारात शोधण्याचे काही कारण नाही.

चालक मालकाच्या कामावर असताना त्याच्या हातून दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर भरपाईची जबाबदारी वाहनाच्या मालकावरही येते, आणि नेमक्या याच प्रसंगासाठी मोटार वाहन कायद्याने तृतीय पक्ष विमा सक्तीचा केला आहे. तुमच्यासारख्या व्यावसायिक वाहनाला या विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साधारणपणे साडेसात लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते. हप्त्यात थोडी सूट मिळावी म्हणून काही मालक ही मर्यादा फक्त सहा हजारांवर आणून ठेवतात, त्यामुळे पॉलिसीचा कागद स्वतः वाचून पाहा. तसे त्यांनी केले असेल, तर तो त्यांनी स्वतःच्या बचतीसाठी घेतलेला निर्णय आहे आणि त्याचा भार तुमच्यावर टाकणे न्याय्य नाही.

बॅजचे, म्हणजे लायसनवर व्यावसायिक वाहनाची वेगळी नोंद नसल्याचे, कारण तर मुळीच टिकत नाही. साडेसात हजार किलोंपर्यंत एकूण वजन असलेले मालवाहू वाहन हलक्या मोटार वाहनाच्या लायसनवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तेच कायम केले. छोटा हत्ती या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे. तुमचे हलक्या वाहनाचे लायसन मुदतीत असेल, तर केवळ बॅज नाही या कारणावरून विमा कंपनीला दावा नाकारता येणार नाही.

अडचण वेगळ्याच ठिकाणी येऊ शकते. विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय भरपाईची कबुली द्यायची नाही की रक्कम ठरवायची नाही, अशी अट पॉलिसीत असते. मालकांनी सेक्रेटरींसमोर बिल कबूल करून ही अट मोडली, असे कंपनी म्हणू शकते, परंतु ते कबूल करताना तुम्हाला कोणी विचारलेले नव्हते. शिवाय, अपघातात दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर चालकाने पोलिसांना लवकरात लवकर आणि जास्तीत जास्त चोवीस तासांच्या आत माहिती द्यावी, तसेच विमा कंपनीलाही लेखी कळवावे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ सांगते. कोणी जखमी झाले नाही म्हणून हे कर्तव्य टळत नाही, आणि बहुतेक चालकांना हे कोणी सांगितलेलेच नसते. तुमच्याकडून ते राहून गेले असेल, तर उशिराचे खरे कारण लिहून आताच कळवा.

आता पगाराकडे वळू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे, आणि पगारातून कोणकोणत्या कारणांसाठी कपात करता येते, याची यादी तिच्यात दिलेली आहे. नुकसानीपोटी कपात करायची, तर ती वस्तू कर्मचाऱ्याकडे स्पष्टपणे सांभाळायला दिलेली असली पाहिजे आणि तिचे नुकसान थेट त्याच्या हयगयीमुळे झालेले असले पाहिजे. तुमच्या ताब्यात दिलेले पार्सल हरवले असते, तर हा नियम लागू करण्याचा मुद्दा निघाला असता. सोसायटीचे गेट तुमच्याकडे कोणीही सांभाळायला दिलेले नव्हते. ज्या ठिकाणी अशी कपात चालते, तिथेसुद्धा कर्मचाऱ्याला आपली बाजू मांडण्याची संधी आधी द्यावी लागते आणि प्रत्यक्ष नुकसानीहून जास्त रक्कम घेता येत नाही. मालक याला दंड म्हणत असतील, तर एका महिन्याचा दंड त्या महिन्याच्या पगाराच्या तीन टक्क्यांपुरता मर्यादित आहे. तुमच्या बाबतीत ही रक्कम ५४० रुपये होते. दंड हप्त्यांनी वसूल करता येत नाही आणि तो लावल्यापासून नव्वद दिवसांनंतरही घेता येत नाही. महिना सहा हजारांचे सात हप्ते या चौकटीत कुठेच बसत नाहीत.

शिस्तीच्या कारवाईचा अधिकार मात्र मालकांना आहे, आणि तो मी नाकारणार नाही. मागे न पाहता गाडी रिव्हर्स घेतली असेल, तर ते विचारू शकतात, लेखी समज देऊ शकतात, वारंवार तसे घडत असेल तर चौकशीही करू शकतात. मात्र आधी कारणे दाखवा नोटीस, मग तुमचा खुलासा आणि त्यानंतर निर्णय, हा क्रम त्यांना पाळावा लागतो. किरकोळ स्वरूपाच्या गैरवर्तनासाठी, चुकीचे स्वरूप आणि मागील सेवा विचारात न घेता, प्रमाणाबाहेर शिक्षा म्हणून कामावरून काढणे ही कायद्याने अनुचित कामगार प्रथा मानली आहे. तीन वर्षांतली तुमची सेवा निर्दोष असेल, तर ही गोष्ट तुमच्या बाजूने फार मोलाची आहे.

म्हणून आजच मालकांना एक पत्र लिहा. तारीख, वेळ, त्या दिवशी तुम्ही कितव्या तासाला काम करत होता, हेल्पर का नव्हता, वॉचमन कुठे उभा होता आणि गाडी किती वेगात होती, हे सगळे जसे घडले तसे लिहा. खांबाला धक्का तुमच्याच गाडीचा लागला, हे लपवू नका. घडलेली गोष्ट सांगणे वेगळे आणि ‘मी निष्काळजी होतो, पैसे भरीन’ हे लिहून देणे वेगळे, आणि या दोहोंतला फरक न कळल्याने मी कित्येक चालकांना वर्षभर अर्ध्या पगारावर राबताना पाहिले आहे. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील, तर पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. पत्र देऊनही कपात झाली, तर पगाराची पावती किंवा बँकेची नोंद जपून ठेवा आणि शिवाजीनगरच्या कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन वेतन संहितेखालील दाव्याचा अर्ज करा. मुदत तीन वर्षांची आहे आणि दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार तो दावा ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्यास आहे. तुमच्या वतीने नोंदणीकृत कामगार संघटनाही अर्ज करू शकते.

प्रश्न : माझा मुलगा स्वतःच्या दुचाकीवरून एका ॲपसाठी जेवण पोहोचवतो. उभ्या मोटारीला धक्का लागून तिचा आरसा तुटला आणि मोटारमालकाने तक्रार करताच ॲपने मुलाचा आयडी बंद केला. वरील कायद्यांचा त्याला आधार आहे का?
— एक आई, ठाणे

उत्तर : ताई, याचे उत्तर तुम्हाला दिलासा देणारे नाही. ॲपवर काम करणाऱ्यांना कंपन्या कर्मचारी मानत नाहीत, त्यामुळे वेतन संहितेतील कपातीचे नियम आणि चौकशीचा क्रम त्यांच्यापर्यंत सहजी पोहोचत नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ‘गिग कामगार’ अशी व्याख्या आली खरी, पण तिचा रोख कल्याणकारी योजनांवर आहे, आयडी बंद होण्यावर नाही. कर्नाटकाने २०२५ मध्ये केलेल्या कायद्यात काम बंद करण्याआधी लेखी कारण आणि चौदा दिवसांची सूचना देण्याचे बंधन घातले आहे, परंतु ठाण्यात त्याचा आधार घेता येत नाही.

आरशाची भरपाई दुचाकीच्या तृतीय पक्ष विम्यातून मागता येते. दुचाकीसाठी ती मर्यादा सामान्यतः एक लाख रुपये असते. मात्र पॉलिसी खासगी वापराची असेल, तर ‘गाडी धंद्यासाठी वापरली’ असा आक्षेप विमा कंपनी घेऊ शकते, म्हणून त्याने पॉलिसीतील वापराची अट आधी वाचावी. एका आरशासाठी मोटारमालकाशी समोरासमोर बसून रक्कम ठरवणे बहुधा सोपे पडेल. पैसे दिल्यावर तक्रार मिटल्याचे दोन ओळींत लिहून घ्यावे आणि तेच पत्र जोडून ॲपच्या तक्रार निवारण विभागाकडे आयडी पुन्हा सुरू करण्याची लेखी मागणी करावी.