वाचकांचे प्रश्न : थकलेला आवाज आणि ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शन

प्रश्न : मी कीर्तन करतो, वय 68. दोन वर्षांपासून आवाज पातळ झाला आहे, चाल ओढताना नुसता वारा सुटतो. जपानमध्ये इंजेक्शन देऊन स्वरतंतू पुन्हा तरुण करतात असं मुलाने सांगितलं. आपल्याकडे मिळेल का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : महाराज, आधी घरीच एक मोजणी करा. छाती भरून श्वास घ्या, नेहमीच्या बोलण्याच्या पट्टीत ‘आऽऽ’ धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. तीनदा करून त्यातला मोठा आकडा लिहून ठेवा. दहा सेकंदांच्या आतच आवाज तुटत असेल, तर एक तर तंतू मिटताना मध्ये फट राहते किंवा फुप्फुसाचा जोर कमी पडतो. तंतू नीट मिटतात का, ते स्ट्रोबोस्कोपीत कळतं. साध्या दुर्बिणीत तंतू हलतात का, त्यावर गाठ किंवा चट्टा आहे का, एवढं दिसतं. स्ट्रोबोस्कोपीत लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे तंतूवरून जाणारी लाट संथ गतीने पाहता येते. ही सोय प्रत्येक कान-नाक-घसा दवाखान्यात नसते, तेव्हा जळगाव-धुळ्याला निघण्याआधी फोन करून विचारा.

स्वरतंतूच्या तळाशी स्नायू असतो, वर पातळ आवरण आणि दोहोंच्या मध्ये मऊ थर. आवाजाची लाट मुख्यतः या मऊ थरामुळे उठते. वयानुसार त्यातलं ओलावा धरणारं हायलुरॉनिक ॲसिड घटतं, कोलॅजन हे चिवट प्रथिन वाढतं, खालचा स्नायूही झिजतो. मग तंतूची कड खोलगट होते, मध्ये फट राहते आणि वारा निसटतो.

मुलाने सांगितलं ते खोटं नाही. क्योटोच्या शिगेरू हिरानो यांच्या गटाने 2008 मध्ये पहिल्या रुग्णाचा अहवाल दिला. 63 वर्षांच्या त्या गृहस्थांच्या तंतूत बीएफजीएफ हा ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढायला सांगणारं प्रथिन, टोचला होता. मात्रा 10 मायक्रोग्रॅम, अर्धा मिलिलिटर सलाइनमध्ये. तो मऊ थरातल्या पेशींकडून हायलुरॉनिक ॲसिड जास्त बनवून घेतो आणि कोलॅजनला आवर घालतो. त्यामुळे नवा थर तयार व्हायला काही आठवडे जातात. टोचल्याबरोबर आवाज भरत नाही. जपानमध्ये हे औषध 2001 पासून मिळतं, पण शय्याव्रण आणि त्वचेच्या जखमांवर फवारण्यासाठी. घशातला वापर तिथेही मंजुरीच्या चौकटीबाहेरच सुरू झाला. भारतात स्वरतंतूंसाठी मंजूर असं ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शन नाही. कोणी ‘पॅकेज’ सांगत असेल, तर औषधाचं नाव आणि मंजुरी लेखी मागा.

तोवर जे हाताशी आहे तेही थोडकं नाही. सुमारे 35 सेंमी लांब, 9-10 मिमी जाड सिलिकॉनची नळी घ्या, एक टोक बाटलीतल्या पाण्यात दोन-तीन सेंमी बुडवा आणि दुसरं ओठात धरून ‘ऊऽऽ’ म्हणा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत आणि आवाजही ऐकू यायला हवा. नुसतेच बुडबुडे येत असतील तर तुम्ही फक्त फुंकताय. नळी खोल गेली की पाण्याचा दाब वाढतो आणि मानेच्या शिरा ताणल्या जातात. तिथेच बहुतेकांचं बिघडतं. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. पहिले काही दिवस स्पीच थेरपिस्टच्या नजरेखाली करा. सहा-आठ आठवड्यांनी ‘आऽऽ’ पुन्हा मोजा.

तरीही फट राहिली तर ती भरणारी इंजेक्शनं आहेत. हायलुरॉनिक ॲसिडचं काही महिने टिकतं, कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइटचं साधारण दीड वर्ष. स्वतःच्या पोटाची चरबीही वापरतात. तिचा काही भाग शरीर शोषून घेतं, म्हणून थोडी जास्तच भरतात. यांचा फरक लगेच ऐकू येतो, पण ती फक्त भर असते, मऊ थर त्याने नवा होत नाही. फट मोठी असेल तर थायरोप्लास्टीचा, म्हणजे बाहेरून तंतू मध्याकडे ढकलणाऱ्या शस्त्रक्रियेचा विचार होतो. आणि वैशाखातल्या यात्रेत माइक तोंडापासून चार बोटांवर ठेवा, समोर स्वतःचा आवाज ऐकू येईल असा स्पीकर मागा. तो नसला की माणूस टाळ-मृदंगावर ओरडतो.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, वय 46. वर्षापूर्वी तंतूवरचा पॉलिप (मऊ गाठ) काढला. आवाज अजून घोगराच. डॉक्टर म्हणतात, व्रण राहिला. एका ठिकाणी पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शन) सुचवलं. घ्यावं का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : ताई, तुमचं दुखणं वेगळं आहे. तिथे मऊ थराच्या जागी कडक कोलॅजन बसलंय, म्हणून लाट त्या जागी अडते. फट भरणाऱ्या इंजेक्शनाने कडकपणा जात नाही. व्रणावर जपानमध्ये एचजीएफ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरची चाचणी झाली : आठवड्याला एक याप्रमाणे चार इंजेक्शनं, रुग्णांच्या गटानुसार 1, 3 किंवा 10 मायक्रोग्रॅम. एचजीएफचा गुण असा की तो व्रण घट्ट करणाऱ्या टीजीएफ-बीटाला विरोध करतो.

पीआरपीत मात्र हाच टीजीएफ-बीटा असतो, सोबत पीडीजीएफ, व्हीईजीएफ असे आणखी बरेच ग्रोथ फॅक्टर. तुमच्याच रक्तातून प्लेटलेट वेगळ्या करून काढलेलं ते मिश्रण. कोणाचं किती येईल हे रक्तावर, यंत्रावर आणि ते कसं फिरवलं यावर ठरतं. डोस मोजून देता येत नाही. म्हणून आमचं मत : पहिला पर्याय म्हणून पीआरपी नको. आधी व्रण कुठे आणि किती लांब आहे ते स्ट्रोबोस्कोपीत बघा, सोबत व्हॉइस थेरपी घ्या. व्रणात स्टेरॉइड टोचणं हा जुना, ओळखीचा मार्ग आहे, पण वारंवार दिल्यास तंतू पातळ होऊ शकतो. पुढे पीआरपी घ्यायचंच ठरलं, तर आधीचं आणि नंतरचं व्हिडिओ रेकॉर्डिंग मागून घ्या.

वर्गात खडूऐवजी व्हाइटबोर्ड आणि कमरेचा छोटा ॲम्प्लिफायर एवढं मात्र आजच करा.

प्रश्न : मधुमेहाच्या पायाच्या जखमेवर लावतो त्या मलमातही ग्रोथ फॅक्टर असतो म्हणे. तेच घशात का देत नाहीत?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : ते जेल जखमेवर बाहेरून लावण्यासाठी बनवलेलं आहे. त्यातले घट्ट करणारे आणि टिकवणारे घटक टोचण्यासाठी नाहीत, आणि तंतूचा मऊ थर जेमतेम मिलिमीटरभर. मात्रा चुकली तर काय होतं याचा धडा जपानमध्येच मिळाला आहे : चेहऱ्याच्या सुरकुत्यांसाठी पीआरपीत बीएफजीएफ मिसळून टोचलेल्या काहींना कडक गाठी आणि फुगवटे आले. श्वासाच्या वाटेवर तसं झालेलं परवडणार नाही.

प्रश्न : वडील 72 वर्षांचे, बिडी ओढतात. तीन महिन्यांपासून आवाज बसलेला. वयामुळे असेल तर हे इंजेक्शन देता येईल का?
— एक वाचक, रावेर

उत्तर : नाही. चार आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला घोगरेपणा दुर्बिणीने पाहिल्याशिवाय ‘वयामुळे’ म्हणू नये, बिडी-तंबाखू असेल तर मुळीच नाही. पेशींना वाढायला सांगणारं औषध कर्करोग किंवा त्याआधीचा पांढरा चट्टा असलेल्या तंतूत देत नाहीत. तपासणीत डावा तंतू हलत नसल्याचं दिसलं, तर छातीचा सीटी स्कॅनही लागेल, कारण त्याची नस छातीत उतरून वर येते. गिळताना दुखणं, कानात कळ, मानेत गाठ, थुंकीत रक्त किंवा धाप यांपैकी काही असेल तर केळीची कापणी उरकायची वाट न बघता याच आठवड्यात त्यांना जळगावला न्या.